व्यायामशाळेचे सभासदत्व आणि ग्राहकाचा हक्क
(एक अभ्यासलेख)

प्रास्ताविक

व्यायाम ही आपल्या वस्त्यांना नवी गोष्ट नाही. गावोगावच्या तालमी वस्तादाच्या शब्दावर चालत. वर्गणी असलीच तर महिन्याची असे, आणि ज्याने येणे सोडले त्याच्याकडे पुढची वर्गणी मागायला कोणी जात नसे. गेल्या काही दशकांत शहरात व तालुक्याच्या गावीही तालमीच्या जोडीला 'जिम' आली. तिच्याबरोबर छापील फॉर्म आला, वर्षाचे शुल्क आगाऊ भरण्याची पद्धत आली आणि फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्यही आले : 'एकदा भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत केले जाणार नाही.'

आज पोलीस भरतीची व सैन्यभरतीची तयारी करणारे विद्यार्थी, डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितलेल्या गृहिणी, बैठे काम करणारे कर्मचारी असे अनेकजण जिममध्ये नाव घालतात. दहा-बारा हजार रुपये एकरकमी भरणे ही पुष्कळ घरांत सोपी गोष्ट नसते. तो पैसा कोणाच्या तरी ओव्हरटाईमचा असतो, कोणाच्या भिशीचा असतो. तीन महिन्यांनी गुडघा दुखावतो, बदली होते, किंवा जिमच बंद पडते. पैसे परत मागायला गेले की काउंटरवरचा मुलगा फॉर्मवरच्या त्या वाक्यावर बोट ठेवतो. सही आपलीच असल्यामुळे आपण खालमानेने परत येतो.

त्या एका वाक्यापुढे कायदा संपतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उत्तर थोडक्यात असे की, कायदा संपत नाही. मात्र प्रत्येक वेळी सर्व रक्कम परत मिळते असेही नाही. कोणत्या कारणाने आपण सभासदत्व सोडतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

१. ग्राहक कोण आणि सेवा कोणती?

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात त्याआधीच ग्राहक चळवळ उभी राहिली होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि २० जुलै २०२० पासून तो अंमलात आला. आज आपल्याला याच कायद्याचा आधार घ्यावयाचा आहे.

मोबदला देऊन जो स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू वा सेवा घेतो तो ग्राहक. पैसे रोख दिले, हप्त्याने दिले किंवा पुढे देण्याचे वचन दिले, तरी तो ग्राहकच. जिम जागा, यंत्रे, प्रशिक्षक व वेळ उपलब्ध करून देते आणि त्याचा मोबदला घेते. म्हणून ती 'सेवा' ठरते. एखादे मंडळ विनामूल्य व्यायामशाळा चालवीत असेल तर मात्र ती या कायद्याखाली सेवा होत नाही, कारण मोफत सेवा कायद्याने वगळली आहे.

या कायद्यातील तीन शब्दप्रयोग विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावेत.

(अ) सेवेतील त्रुटी : कबूल केलेल्या सेवेत दोष, उणीव किंवा कमतरता असणे. प्रशिक्षक देऊ असे सांगून न देणे, यंत्रे महिनोन्‌महिने नादुरुस्त ठेवणे, ठरलेल्या वेळा एकतर्फी बदलणे ही याची उदाहरणे.

(आ) अनुचित व्यापारी प्रथा : खोटी वा दिशाभूल करणारी माहिती देऊन ग्राहक ओढणे, बिल वा पावती न देणे. सदोष सेवा बंद करून तिचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत परत न करणे, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न करणे, यालाही कायदा अनुचित प्रथा म्हणतो.

(इ) अनुचित करार : ही २०१९ च्या कायद्याची नवी देणगी आहे. ग्राहकाने करार मोडल्यास समोरच्याच्या प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणे, योग्य कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपविण्याची मुभा ठेवणे, ग्राहकाला तोट्यात घालणारी अवाजवी अट घालणे इत्यादी गोष्टी त्यात मोडतात.

२. 'सही केली आहे ना?' या प्रश्नाचे उत्तर

सही केली म्हणजे करार झाला, हे खरे. परंतु करारात लिहिलेली प्रत्येक अट न्यायालय डोळे मिटून मान्य करीत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ७४ सांगते की, करार मोडल्याबद्दल काही रक्कम करारात लिहून ठेवली असली, तरी समोरच्या पक्षाला फक्त वाजवी भरपाईच मिळते; लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात स्पष्ट केले की, नुकसानच झाले नसेल तर या कलमाखाली भरपाई मिळू शकत नाही. पुढे २०१९ मध्ये पायोनियर अर्बन या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, ज्या एकतर्फी अटींवर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्याय नव्हता, त्या त्याला बांधून ठेवू शकत नाहीत आणि करारात अशा अटी घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निकाल घराच्या खरेदीबाबतचा आहे, पण त्यातील तत्त्व छापील फॉर्मवर चालणाऱ्या इतर व्यवहारांनाही लागू पडते. जिमचा फॉर्म आपण लिहिलेला नसतो, त्यातली ओळ खोडण्याची मुभा आपल्याला नसते, आणि पुष्कळदा तो ज्या भाषेत असतो ती आपल्या घरात कोणी बोलत नाही.

तेव्हा काउंटरवर 'सही तुमचीच आहे' असे ऐकावे लागले तर नम्रपणे उत्तर द्यावे : 'सही माझी आहे, पण अट वाजवी आहे का, हे ठरविण्याचा अधिकार आयोगाला आहे.'

३. सभासदत्व सोडण्याचे कारण कोणते?

पहिले कारण : दोष जिमचा. जिम बंद पडली, दूर हलविली, महिलांसाठी स्वतंत्र वेळ सांगून ती दिली नाही. येथे ग्राहकाची बाजू सर्वांत भक्कम असते. न वापरलेल्या काळाचे शुल्क आणि झालेल्या त्रासाची भरपाई, दोन्ही मागता येतात. प्रवेश घेताना खोटे सांगितले गेले असेल, तर करार कायद्याच्या कलम १८ व १९ प्रमाणे असा करार रद्द करण्याचा पर्याय फसलेल्या पक्षाला असतो.

दुसरे कारण : दोष कोणाचाच नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातील जिम बंद झाल्या. महाराष्ट्रात त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी, पुन्हा उघडल्या. सात महिने सेवा मिळाली नाही, पण त्यात मालकाची चूक नव्हती. असे प्रसंग करार कायद्याच्या कलम ५६ व ६५ च्या चौकटीत पाहावे लागतात. करार पाळणेच अशक्य झाले तर ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा, हे त्यातील सूत्र. बऱ्याच ठिकाणी मुदत वाढवून देऊन हा प्रश्न मिटला, आणि ग्राहकाला ते मान्य असेल तर तो उत्तम मार्ग होय.

तिसरे कारण : आजार, दुखापत, गरोदरपण, बदली. दोष जिमचा नाही आणि ग्राहकाच्या लहरीचाही नाही. येथे प्रथम फॉर्म वाचावा. सभासदत्व काही महिने थांबविण्याची, दुसऱ्या शाखेत नेण्याची अथवा दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करण्याची सोय पुष्कळ जिममध्ये असते. ती उपयोगाची नसेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र किंवा बदलीचा आदेश जोडून उरलेल्या शुल्काची मागणी करावी. 'काहीही झाले तरी एक रुपयाही परत नाही' ही अट अवाजवी आहे, हे म्हणणे अशा वेळी बळकट ठरते.

चौथे कारण : मन बदलले. उत्साह मावळला, मित्र येईनासा झाला. येथे स्पष्ट बोललेले बरे. नाव घातल्यावर ठराविक दिवसांत कारण न देता सभासदत्व रद्द करून सर्व पैसे परत मिळावेत, असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात जिमच्या ग्राहकाला दिलेला नाही. फॉर्ममध्ये तशी सवलत असेल तर ती मिळेल, नसेल तर विनंती व समजुतीचा मार्गच मुख्य. जिमने आपल्यासाठी जागा राखून ठेवलेली असते, ही गोष्टही न्यायाने पाहावी लागते. आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा वाजवी हिस्सा नाकारू नये. तसे केल्याने खरी तक्रारही दुबळी होते.

४. किती रक्कम मागावी?

तक्रार फसण्याचे एक कारण म्हणजे मोघम मागणी. 'माझे पैसे द्या' असे म्हणण्यापेक्षा हिशेब मांडावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने वर्षाचे १२,००० रुपये भरले. त्याच जिममध्ये एका महिन्याचा सुटा दर १,५०० रुपये आहे. तीन महिन्यांनंतर त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि डॉक्टरांनी वर्षभर व्यायाम वर्ज्य सांगितला.

पहिला हिशेब : १२ महिन्यांचे १२,००० म्हणजे महिन्याला १,०००. वापरलेल्या तीन महिन्यांचे ३,००० वजा जाता ९,००० रुपये परत.

दुसरा हिशेब : वर्षाची सवलत पूर्ण वर्षासाठी होती, म्हणून तीन महिने सुट्या दराने धरावेत. ३ गुणिले १,५०० म्हणजे ४,५०० वजा जाता ७,५०० रुपये परत.

तिसरा हिशेब : फॉर्मवरील वाक्याप्रमाणे शून्य.

दुखापतीच्या प्रसंगी दुसरा हिशेबही वाजवी मानता येईल, कारण त्यात जिमचे नुकसान भरून निघते. तिसऱ्या हिशेबात मात्र न दिलेल्या नऊ महिन्यांच्या सेवेचे पैसे जिमकडे राहतात आणि त्या मुलाची जागा दुसऱ्याला देऊन तिचे शुल्कही ती घेऊ शकते. येथे नुकसान नसून लाभ आहे. करार कायद्याचे कलम ७३ असेही सांगते की, नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते मार्ग हाती होते, हे विचारात घ्यावे. दोष जिमचाच असेल तर मात्र पहिल्याच हिशेबाचा आग्रह धरावा.

५. हप्ता, धनादेश आणि बँक

हल्ली शुल्क हप्त्याने भरण्याची सोय देतात. येथे दोन निरनिराळे प्रकार असतात आणि त्यांची गल्लत फार महागात पडते.

पहिल्या प्रकारात जिम स्वतः दरमहा पैसे घेते व त्यासाठी बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची संमती घेते. कार्ड व यूपीआयवरील अशा वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास सूचना मिळाली पाहिजे आणि ग्राहकाला संमती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. मात्र संमती मागे घेणे म्हणजे सभासदत्व रद्द करणे नव्हे. जिमला लेखी कळविणे त्याबरोबरच आवश्यक आहे.

दुसऱ्या प्रकारात एखादी वित्त कंपनी आपल्या नावे कर्ज काढून सगळी रक्कम जिमला देते आणि आपण हप्ते कंपनीला फेडतो. 'बिनव्याजी हप्ते' या गोड नावाखाली हे कर्जच असते. जिमला जाणे बंद केले म्हणून हप्ता बंद केला, तर थकबाकी आपल्या नावावर चढते आणि पुढे घरकर्ज वा शैक्षणिक कर्ज घेताना अडचण येते. म्हणून हप्ता चुकवू नये. जिमला व वित्त कंपनीला एकाच वेळी लेखी कळवून कर्ज रद्द करण्याची मागणी करावी. मोबाईलवरून घेतलेल्या अशा डिजिटल कर्जात सुरुवातीला थोड्या दिवसांची सवलत असते. त्या काळात मुद्दल व त्या दिवसांचा आकार भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येते. कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पुढील तारखांचे धनादेश दिले असतील तर विशेष सावध राहावे. धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. जिमकडून तशी नोटीस आली तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वकिलाचा सल्ला घेऊन पाऊल उचलावे. नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून देणे हा सर्वांत वाईट मार्ग.

६. दाद मागण्याच्या पायऱ्या

(१) कागद जमविणे : फॉर्मची प्रत, पावती, जाहिरातीचे पत्रक, व्हॉट्सॲपवरील संभाषण, बँकेची नोंद, डॉक्टरांचे प्रमाणपत्र.

(२) लेखी अर्ज : तोंडी विनंतीला पुरावा नसतो. अर्ज हाती दिल्यास आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारल्यास स्पीड पोस्टाने पाठवावा व पोस्टाची पावती जपावी. ई-मेलही चालतो. अर्ज शक्य तितक्या लवकर द्यावा, कारण उशीर होईल तितका 'वापरलेला काळ' वाढतो.

(३) राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन : १९१५ हा क्रमांक. येथे खटला चालत नाही. तक्रार नोंदवून कंपनीशी संपर्क साधला जातो. बरीच प्रकरणे येथेच मिटू शकतात.

(४) जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग : दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार येथे चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क शून्य. वकील लावणे सक्तीचे नाही. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे; पुण्यात पैसे भरून नांदेडला परतलेल्या विद्यार्थ्याला पुण्यास खेटे घालावे लागत नाहीत. 'ई-जागृती' या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे.

जिमला उत्तर देण्यास ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरविले. आयोग शुल्क परत करण्याचा, व्याजाचा, नुकसानभरपाईचा व तक्रारीच्या खर्चाचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळल्यास तुरुंगवास किंवा दंडाची तरतूद आहे.

एक बारकावा लक्षात ठेवावा. 'अनुचित करार' या कारणावरची तक्रार कायद्याने राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग यांच्याकडे सोपविली आहे. म्हणून जिमच्या छोट्या रकमेसाठी जिल्हा आयोगात जाताना 'सेवेतील त्रुटी' व 'अनुचित व्यापारी प्रथा' या मुद्द्यांवर तक्रार मांडावी.

७. अर्जाचा नमुना

प्रति,
व्यवस्थापक, (जिमचे नाव व पत्ता)

विषय : सभासदत्व रद्द करून उर्वरित शुल्क परत मिळणेबाबत.

महोदय,
मी दि. ....... रोजी आपल्या जिमचे १२ महिन्यांचे सभासदत्व घेऊन रु. ....... भरले (पावती क्र. .......). दि. ....... पासून (कारण) मुळे मी सेवा घेऊ शकत नाही. पुरावा सोबत जोडला आहे. मी एकूण ....... महिने सेवा घेतली आहे. त्याचे रु. ....... वजा जाता रु. ....... मला परत येणे आहे. सदर रक्कम हा अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करावी व माझ्या खात्यातून पुढील कोणतीही रक्कम वळती करू नये. अन्यथा मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागावी लागेल.

आपला / आपली,
(सही, दिनांक)

अर्जात रागाचे शब्द, धमकी वा वैयक्तिक आरोप असू नयेत. उद्या हाच कागद आयोगापुढे वाचला जाणार आहे, हे ध्यानात ठेवून लिहावे.

८. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी

अकरावी-बारावीतील अनेक मुले स्वतःच फॉर्मवर सही करतात. करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि तिचा करार मुळातच शून्यवत असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी प्रकरणात ठरविले. तेव्हा 'उरलेले हप्ते भर, नाहीतर कोर्टात खेचू' असे कोणी दरडावले तर अशा मुलाने घाबरू नये, घरी सांगावे. पालकांनी स्वतःच्या नावे सही केली असेल तर मात्र तो करार पालकांचा असतो.

९. नाव घालण्यापूर्वी

शक्यतो पहिला महिना सुटा भरावा आणि जमते का ते पाहावे. फॉर्म घरी आणून वाचावा. कळला नाही तर कळणाऱ्याकडून वाचून घ्यावा. 'सोडल्यास काय?' हे सही करण्यापूर्वी विचारावे व उत्तर लिहून घ्यावे. पावती घेतल्याशिवाय रोख देऊ नये. जिमच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे; बिलावर कोणता दर लावला आहे ते पाहावे. आणि 'आजच भरा, उद्या ही सवलत नाही' असे कोणी म्हणाले, तर उद्याच जावे.

समारोप

सात-आठ हजार रुपयांसाठी कोण आयोगात जाणार, असे आपण म्हणतो, आणि 'परत मिळणार नाही' हे वाक्य नेमके याच विचारावर उभे असते. शंभर जणांनी प्रत्येकी सात हजार सोडले की सात लाख होतात. पैसे परत मागण्यात लाज नाही आणि कोणाशी वैरही नाही. न घेतलेल्या सेवेचा मोबदला परत मागणे हा हिशेबाचा प्रश्न आहे. आपल्या संस्थेतील शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतील एकेका कुटुंबाचा असा एक अर्ज जरी नीट लिहून दिला, तरी या पाठाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित करार' यांतील फरक एकेका उदाहरणाने सांगा.
२. एका महिलेने सहा महिन्यांचे ९,००० रुपये भरले. दोन महिन्यांनी जिम कायमची बंद झाली. सुटा मासिक दर २,००० रुपये आहे. तिने कोणत्या हिशेबाने किती रक्कम मागावी व का?
३. बँकेतील आपोआप वसुलीची संमती मागे घेतली, पण जिमला कळविले नाही. यात कोणता धोका आहे?
४. आपल्या घरातील कोणतीही एक पावती किंवा फॉर्म घ्या. त्यावरील सर्वांत बारीक अक्षरांतील वाक्य मोठ्याने वाचा आणि त्याचा अर्थ घरच्यांना समजावून सांगा.